विशेष शिक्षिकेला वर्गात राहू द्या

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, शिरूर
आणि
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, दौंड



दोन तालुक्यांच्या दोन अधिकाऱ्यांना मिळून एकच पत्र लिहिणं सरकारी रिवाजात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. आवक-जावक नोंदवहीत ते कुठं चढवायचं, असा प्रश्न दोन्हीकडच्या लिपिकांना पडेल. पण विषय असा आहे की तो भीमेच्या एका काठावर थांबत नाही. न्हावऱ्याहून निघालेला रस्ता पारगावाजवळ भीमा ओलांडतो, केडगावात शिरतो आणि पुढं चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. ऊस, दूध, कांदा, लग्नाची वऱ्हाडं, सगळं या रस्त्यानं इकडून तिकडं जातं. पुलावर कुणी विचारत नाही, तुम्ही शिरूरचे की दौंडचे. विचारतं ते फक्त आपलं खातं. मी या दोन्ही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्यामुळं कुणाची परवानगी न घेता लिहिण्याची चैन करू शकतो.

याच रस्त्यावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई तुम्हाला सांगायला नकोत. पाठ्यपुस्तकात त्या आहेत आणि जयंतीच्या परिपत्रकातही असतील. मला सांगायचंय ते त्यांच्या मुलीबद्दल. मनोरमाबाई मेधावी. आज आपण ज्याला विशेष शिक्षण म्हणतो, ते या परिसरात सुरू करणारी आणि चालवणारी बाई. २४ जुलै १९२१ रोजी त्या गेल्या. वय अवघं चाळीस. शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०२१ च्या जुलैत, कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती आणि आपण सगळे ऑनलाइन वर्गांच्या नोंदी भरत होतो. आठवण निघायला तसा काळ अनुकूल नव्हताच. पण त्याआधीच्या नव्व्याण्णव वर्षांत तरी कुठं निघाली?

मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. वडील बिपिनबिहारी मेधावी, बंगाली वकील. रमाबाईंशी त्यांचं लग्न आंतरजातीय, नोंदणी पद्धतीनं झालेलं. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तोच ते वारले. तिला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात मायलेकी राहिल्या. पुढं रमाबाई अमेरिकेत व्याख्यानं देत, पैसा उभा करत फिरत होत्या तेव्हा ही पोर इंग्लंडात त्या जोगिणींच्याच देखरेखीखाली वाढत होती. आई एका खंडात, लेक दुसऱ्या. आपल्याकडच्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत जी मुलं सहा-सहा महिने आईबापांचं तोंड बघत नाहीत, त्यांच्या मनात काय चालतं हे मनोरमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण चरित्रांत ती ओळ-दोन ओळींत उरकली जाते. रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. तो बेत सोडावा लागला, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. पुढं ऐकू येणं कमीच होत गेलं. आजच्या हिशेबात सांगायचं तर त्या कर्णबधिर दिव्यांग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत, त्यातल्या एका प्रकाराची बाई केडगावात हजारभर माणसांचं गाव चालवत होती: छापखाना, शेती, गोठा, तेलघाणा, माग, शाळा. आणि तिच्या शेजारी तिची मुलगी. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलताना तोंड समोर ठेवायचं, ओठ हलताना दिसले पाहिजेत, घाई करायची नाही, हे सगळं आपण शिक्षकांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणात सांगतो. मनोरमाबाईंचं ते प्रशिक्षण घरातच झालं असलं पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली आणल्या. पुण्यात प्लेगचं थैमान होतं, शहरात इतक्या मुली ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावला रेल्वे स्टेशनजवळ घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उठल्या. मग १८९९-१९०० चा, आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेला छपन्नचा दुष्काळ. गुजरातेतून आणखी मुली आल्या. या लोंढ्यात आंधळ्या मुलीही होत्या. देवीच्या साथीत डोळे जायचे. दुष्काळात पोटाला काही नसलं की आधी रात्रीचं दिसेनासं व्हायचं, मग बुबुळावर पांढरं चढायचं आणि एक दिवस सगळाच अंधार. अ जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

या मुलींचं काय करायचं? त्या काळचं सोपं उत्तर होतं: जेवू घाला, प्रार्थनेला बसवा, जपमाळेसारखं काहीतरी पाठ करून घ्या. मनोरमाबाईंनी ते उत्तर घेतलं नाही. त्या इंग्लंड-अमेरिकेत शिकलेल्या होत्या, ब्रेल लिपी त्यांनी शिकून घेतली आणि मुक्तीत अंध मुलींचा वेगळा विभाग उभा राहिला. त्याचं नाव बार्तिमी सदन. बायबलातल्या बार्तिमय या आंधळ्या भिकाऱ्यावरून ठेवलेलं. तिथं मुलींना बोटांनी वाचायला, हिशेब करायला आणि हातकाम करायला शिकवलं गेलं. शिकलेल्या अंध मुलींनी नव्या आलेल्यांना शिकवायचं, ही रीतही तिथं पडली.

मला ज्याचं महत्त्व वाटतं ते असं. बाई संस्थापिकेची मुलगी. ठरवलं असतं तर एखादी शिक्षिका नेमून, महिन्याला अहवाल मागवून विभाग ‘चालवता’ आला असता. त्या आधी लिपी शिकल्या. टिंब कुठलं आणि अक्षर कुठलं हे स्वतःच्या बोटांना कळल्यावर मग विभागाचा कारभार हाती घेतला. पुढं रमाबाईंनीच काढलेल्या शारदा सदन या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली, १९१२ साली निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा निघाली तिच्या उभारणीत होत्या, मुक्तीसाठी मदत मिळवायला थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आल्या. म्हणजे आपल्या भाषेत प्रशासन, आस्थापना, वित्त, सगळी टेबलं त्यांच्याकडं होती. त्या टेबलांची सुरुवात मात्र ब्रेलच्या सहा टिंबांपासून झाली होती.

आजूबाजूला काय होतं तेही बघा. हिंदुस्थानातली पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी दुष्काळात सापडलेल्या अंध मुलांसाठी शाळा काढली, पुढं दादरची अंधशाळा म्हणून ती ओळखली गेली. (याच मिशनचं एक ठाणं शिरूरला होतं, तिथं उद्योगशाळा चालायची. घायपाताचा वाख काढायचे. शिरूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्याकडं काहीच नव्हतं म्हणून वाईट वाटून घेऊ नये.) आणि पुण्यात? पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था १९३४ ची. विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहराच्या आधी निदान पाव शतक दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात मुली बोटांनी वाचत होत्या.

मुक्तीचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो धर्मांतराचा. तो प्रश्न बनावट नाही. १८९३ साली त्यावरूनच पुण्यात वादळ उठलं आणि शारदा सदनातल्या कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. या वादावर लिहिणारे विद्वान दोन्ही बाजूंना भरपूर आहेत, त्यात माझी भर नको. माझी तक्रार निराळी आहे. त्या गदारोळात आपण मायलेकींचा शिक्षणातला हिशेबच मांडायचा सोडून दिला. आईचा थोडाफार मांडला, लेकीचा अजिबात नाही. पुतळे, पुरस्कार मी मागत नाही. दिवंगत माणसाच्या नावे पुरस्कार सुरू झाला की त्याच्या कामाची चौकशी संपते, असा माझा अनुभव आहे.

आता आजचं.

भीमेकाठच्या एका शाळेतली गोष्ट. कुठल्या तालुक्यातली ते सांगत नाही. दोघांनाही आपली वाटू द्या. तिसरीतली मुलगी, दृष्टी फार थोडी, उजेड-अंधार आणि मोठे आकार तेवढे कळतात. फिरत्या विशेष शिक्षिका आल्या होत्या. मी असाच, जुन्या ओळखीनं गेलो होतो. बाईंनी ब्रेलची पाटी काढली, तिच्यात जाड कागद अडकवला आणि मुलीच्या हातात टोचणी दिली. ‘म’ काढायचा होता. वाचताना ‘म’ची तीन टिंबं म्हणजे डावीकडं वरचं, डावीकडं खालचं आणि उजवीकडं वरचं. पण टोचताना कागदाच्या मागच्या बाजूनं टोचायचं असतं, म्हणून सगळं उलटं: उजवीकडून सुरुवात, उजवीकडं वर, उजवीकडं खाली, मग डावीकडं वर. डोळस माणसाचं डोकं इथं गरगरतं. मुलीनं तीन वेळा टोचलं, कागद काढून उलटा केला आणि तर्जनी फिरवली. एक टिंब चुकलं होतं. ते तिला बाईंनी सांगितलं नाही, बोटानं सांगितलं. तिनं स्वतःच मान हलवली आणि पुन्हा कागद अडकवायला लागली. पाटीची वरची पट्टी तिला नीट बसवता येईना, तरी बाईंनी हात लावला नाही. वर्गातली बाकीची पोरं पाढे म्हणायची थांबून बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. वरून. दिव्यांग विद्यार्थ्यांची माहिती नव्या नमुन्यात हवी, लिंक ग्रुपवर टाकली आहे, दोन वाजेपर्यंत भरा, सगळं सोडून भरा. मागच्या आठवड्यात हीच माहिती जुन्या नमुन्यात गेली होती. बाईंनी पाटी मुलीच्या पुढ्यात ठेवली आणि रेंज मिळते म्हणून शाळेच्या मागच्या बांधावर गेल्या. मुलगी दुसरा ‘म’ टोचून वाट बघत बसली. बरोबर आला की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण त्या शाळेत ब्रेल वाचता येणारं दुसरं माणूस नव्हतं. मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “छान काढलंस हां.” छान काढलंय का, हे त्यांना कुठं कळत होतं!

साहेब, बाई, या पत्रात मागणी एकच आहे आणि ती इथंच मांडतो. या विशेष शिक्षिकेला वर्गात राहू द्या.

‘आम्ही कुठं अडवलंय’ असं तुम्ही म्हणाल, आणि एका अर्थानं ते खरंच आहे. लिंक तुम्ही तयार करत नाही, तुम्हालाही ती वरूनच येते. यू-डायसला माहिती, दिव्यांग प्रमाणपत्रांची माहिती, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, त्यासाठी बँक खात्यांच्या नोंदी, शिबिराची यादी, शिबिराला न आलेल्यांची यादी, का आले नाहीत त्याची यादी. एकेक काम घेतलं तर गैर कुठलंच नाही. भत्ता मुलाला मिळालाच पाहिजे. पण ही सगळी कामं करायला गटात विशेष शिक्षक हा एकच माणूस आहे असं धरून आपण चाललो, तर तो शिकवणार कधी? मी अशा बाई पाहिल्यात ज्यांना मतिमंद मुलाला पैसे ओळखायला कसं शिकवायचं याची दहा रीती येतात, आणि वर्षाचे बहुतेक दिवस त्या एक्सेलच्या रकान्यांत काढतात. त्यांच्या कौशल्यावर गंज चढायला लागला की त्या स्वतःच म्हणतात, “सर, आता शिकवायचं म्हटलं की भीती वाटते.”

कायदा मुलांच्या बाजूनं आहे. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा असंही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं २०२२ मध्ये प्रमाण ठरवलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना १५ मुलांमागं एक. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयानं पुन्हा राज्यांना पदं मंजूर करून भरायला सांगितलं. आपल्या सरकारनं २०२४ मध्ये केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं ठरवलं, म्हणजे केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या माणसांना त्यामुळं पाय टेकायला जमीन मिळते आहे. मला याचा मनापासून आनंद आहे.

मात्र एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात आणि गावं कशी पसरलेली आहेत ते तुम्हाला माहीत आहे. टाकळी हाजी, कवठे येमाई, मलठणकडचा कोरडा माळ वेगळा आणि भीमेकाठचा ऊसपट्टा वेगळा. माळावर एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायलाच अर्धा दिवस मोडतो. ऊसपट्ट्यात सायंकाळी बिबट्याच्या भीतीनं आईबाप मुलाला लवकर घरी नेतात. केंद्राला एक माणूस मिळाला आणि तोही केंद्रशाळेच्या कार्यालयातला जादा कारकून झाला, तर ठरवून दिलेलं प्रमाण कागदावर पुरं होईल आणि ती तिसरीतली मुलगी होती तिथंच बसलेली राहील.

म्हणून काही गोष्टी, ज्या तुमच्या अखत्यारीत आहेत, ज्यांना मंत्रालयाच्या शासन निर्णयाची गरज नाही. आठवड्यातले निदान तीन दिवस विशेष शिक्षकाला कुठलीही माहिती मागू नका. मागणारच असाल तर माहिती मुख्याध्यापकाकडून घ्या. मूल त्याच्या पटावर आहे. दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद होते. तिच्यात विशेष शिक्षकाला शेवटची दहा मिनिटं चहाच्या वेळी मिळतात. एखाद्या महिन्यात अख्खी परिषद त्याच्या ताब्यात द्या. सगळ्या शिक्षकांना ब्रेलची पाटी हातात घेऊ दे, कानात बोळे घालून एक तास बसू दे, डाव्या हातानं फळ्यावर लिहू दे. भाषण नको.

आणि तुम्ही स्वतः, राग मानू नका, पण तुम्हीही शिका. सगळं नाही, एक साधन. ब्रेलची मुळाक्षरं शिका किंवा खुणांच्या भाषेतले रोजच्या वापरातले शंभर शब्द शिका. सेवेत असताना मी अधिकाऱ्यांच्या पुष्कळ तपासण्या अनुभवल्या. दिव्यांग मुलाजवळ आले की बहुतेक अधिकारी एकच काम करायचे: गाल ओढायचे आणि फोटो काढायचे. मुलाच्या वहीतलं तपासणार काय? वाचता तर येत नाही. रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढं साक्ष दिली तेव्हा मुलींच्या शाळा तपासायला बायकांनाच नेमा अशी मागणी केली होती, कारण पुरुष तपासनीस बायकांच्या बारीकशा चुकीचा डोंगर करतात. मागणीमागचं तत्त्व हे की तपासणाऱ्याला आतलं कळत असावं. दिव्यांग मुलांच्या बाबतीत आपली अडचण उलटी आहे. इथं तपासणारा चुकीचा डोंगर करत नाही, त्याला चूक दिसतच नाही. सगळं छान. पोरगी तीन वर्षं चुकीचं टोचत राहिली तरी शेरा ‘प्रगती समाधानकारक’.

आता तालुक्याच्या हद्दीचं. मांडवगण फराट्याकडच्या मुलाला शिरूर गावापेक्षा दौंड तालुक्यातली कितीतरी गावं जवळ पडतात. फिजिओथेरपीसाठी, वाचा उपचारासाठी त्याला बोलावणं येतं ते मात्र शिरूरच्या गटसाधन केंद्रातून. आईनं मूल कडेवर घ्यायचं, मूल नऊ-दहा वर्षांचं झालेलं, पायांत कॅलिपर, दोन गाड्या बदलायच्या, एक दिवसाची मजुरी बुडवायची. दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. मग आपल्या यादीत ‘पालक उदासीन’. तुम्ही दोघांनी मिळून न्हावरे-पारगाव-केडगाव पट्ट्यात कुठंतरी, रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या शाळेत एक संसाधन कक्ष दोन्ही तालुक्यांच्या मुलांसाठी खुला केला तर? पट कमी झाल्यानं रिकाम्या पडलेल्या खोल्या या पट्ट्यात आहेत. साहित्य दोन्ही गटांकडं आहे; त्यातलं काही अजून खोक्यातून बाहेर आलेलं नसेल, हे मी अनुभवावरून म्हणतो. कुठल्या तालुक्याच्या खात्यावर किती मुलं दाखवायची हा हिशेब लिपिकांवर सोपवा, ते त्यात वाकबगार असतात.

सगळ्यात अवघड आहेत ती कोणाच्याच पटावर नसलेली मुलं. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जळगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. गुऱ्हाळांवर उत्तरेकडची कुटुंबं असतात. साध्या मुलांसाठी निदान शिक्षण हमी पत्रक आहे, शिक्षक फडावर जाऊन नावं तरी लिहून आणतो. दिव्यांग मूल त्यात सापडत नाही, कारण ते फडावर नसतंच. ते कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत असतं. बाकीचं सगळं घर पहाटे कोयते घेऊन गेलेलं असतं आणि न बोलणारी सात-आठ वर्षांची पोर तान्ह्या भावाची झोळी हलवत बसलेली असते. नाव विचारलं तर ती बघत राहते. शेजारच्या कोपीतली म्हातारी सांगते, “मुकी हाय ती, तिला काय विचारता.” ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, हे म्हातारीला कुणी सांगितलेलं नाही आणि पोरीला तपासणाऱ्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. कानाचं यंत्र लवकर बसलं तर बोलणं शिकण्याची शक्यता मोठी. वय वाढत जाईल तशी ती घटत जाते. सहा महिने ती आपल्या हद्दीत असते. मग टोळी परत जाते. गावाकडच्या शाळेत ‘स्थलांतरित’, आपल्याकडं ‘पाहुणी’.

१८९७ साली आणि १९०० साली केडगावात आलेल्या मुलीही परप्रांतातल्याच होत्या. त्यांची भाषा वेगळी होती, कागदपत्रं नव्हती, आणि आज ना उद्या परत जातील म्हणून त्यांना शिकवण्यात अर्थ नाही असं म्हणणं सहज शक्य होतं. मनोरमाबाईंनी त्यांना पाटीवर बसवलं.

तुमच्याकडून मोठं काही होईल की नाही मला माहीत नाही. बदल्या होतात, एक अधिकारी रुळतो तोवर दुसरा येतो, आणि या पत्राचं उत्तर येईपर्यंत तुमच्या खुर्चीत कदाचित दुसरंच कुणी असेल. पण एवढं तरी करून बघा. केडगावला कधी कामानिमित्त गेलात तर मुक्तीत जरा थांबा. संस्था आजही चालू आहे. आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत दोन्ही तालुक्यांच्या विशेष शिक्षकांची एक बैठक एकत्र घ्या. बैठकीला लिंक, नमुना, प्रपत्र काही नको. कारखान्यांकडून आणि गुऱ्हाळमालकांकडून टोळ्या कुठं उतरणार त्या जागांची यादी आधी मागवून ठेवा. कोणी कुठल्या फडावर जायचं ते शिक्षकांनाच ठरवू द्या, आणि त्या आठवड्यात त्यांना एकही फोन करू नका. बैठकीची तारीख ठरली की मला कळवा. म्हाताऱ्याला दुचाकीवर मागं बसवून नेणारं कुणी भेटलं, तर मीही कोप्यांवर यायला तयार आहे.

आपला,
दोन्ही काठांवर नोकरी केलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक